बिनभात्याची पेटी

माझा डावा खांदा आखडला तेव्हा जो तो मला सल्ले द्यायला लागला. नवऱ्याने गरम पाण्याची पिशवी आणली, बंगळुरूच्या मुलीने व्यायामाचे व्हिडिओ पाठवले, शेजारणीने कसलंसं तेल दिलं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पेटी वाजवत राहिले. एका सकाळी हात मागे नेऊन वेणी घालता येईना, तेव्हा मुकाट्याने हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "हात समोर ठेवून काय हवं ते करा. पण तो भाता ओढायचा प्रकार बंद." मी विचारलं, किती दिवस? "ऐकलंत तर काही महिने. नाही ऐकलंत तर कायमचा." पहिल्याच भेटीत या माणसाने मला ओळखलं होतं, त्यामुळे मला त्यांचा थोडा रागच आला.

गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी पेटी शिकवते. तिथं माझं काही अडणार नव्हतं. शिकणाऱ्यांना दोन दोन धडधाकट हात असतात, मी फक्त ओरडायचं काम करते. अडणार होतं ते सायखेड्याला.

सायखेडा हे माझं सासर. तिथं माझी मोठी जाऊ असते. मी त्यांना आक्का म्हणते, त्या मला धाकटे म्हणतात. आक्का गातात. कुणाकडे शिकलेल्या नाहीत, पण गळा असा की द्राक्षाच्या बागेत काम करताना गुणगुणल्या तर दोन बांध पलीकडची बाई खुरपं थांबवून ऐकते. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा माहेरून पेटी घेऊन आले होते. सासूबाईंना वाटलं, ही नवी सून आता भांडी घासायच्या ऐवजी पेटी बडवत बसणार. आक्कांनी मात्र त्याच संध्याकाळी पदर खोचून माझ्यासमोर बैठक मारली आणि म्हणाल्या, "काढ बरं सूर." तेव्हापासून त्या गातात आणि मी साथ करते. कार्तिकात देवळात पहाटेचा काकडा असतो. महिनाभर भजनं चालतात आणि पौर्णिमेला समाप्ती होते. त्या समाप्तीला बायकांच्या भजनी मंडळाची गवळण आक्का म्हणतात. आम्ही नाशकाला राहायला आलो, मी केस रंगवायचं सोडून दिलं, आक्कांची गायची पट्टी काळी पाचवरून घसरत काळी तीनवर आली, पण समाप्तीची गवळण कधी चुकली नाही. दर वेळी पट्टी खाली आणताना त्या माझ्याकडे अशा बघायच्या, की मीच पेटी चढवून ठेवलीय.

खांद्याचं कळल्यावर मंडळातल्या तरण्या बायकांनी तोडगा काढला. मोबाईलवर गवळणीचा ट्रॅक मिळतो, तो लावायचा आणि आक्कांनी त्यावर म्हणायचं. आक्कांनी एकदा म्हणून पाहिलं. मग मला फोन केला.

"धाकटे, तो मोबाईल थांबत नाय गं माह्यासाठी. मी दम घ्यायला थांबते, तवर तो पार पुढच्या कडव्यात."

"मग सराव करा ना आक्का थोडा."

"सराव त्यानं करावा. मी म्हातारी झाले, मी नाय कुणाच्या मागं पळणार. तू वाजवशील तवा मी म्हणेन."

"आणि मी नाहीच वाजवू शकले तर?"

"तर झालं. लय म्हटलं आजवर."

असं म्हणून त्यांनी कांद्याचं रोप कसं आलंय ते सांगितलं आणि फोन ठेवला. मला वाटलं, रुसल्या असतील, येतील वळणावर. पण गणपतीत त्यांच्या सुनेचा फोन आला. ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, आत्याबाई स्वयंपाकघरात पण गुणगुणत नाहीत हो आता. भाकऱ्या थापतात नुसत्या. घर कसंतरीच वाटतं." आक्का भाकरी थापताना गात नाहीत, हे मला ऐकवेना. मी नवऱ्याला सांगितलं, समाप्तीला मी वाजवणार. कसं ते विचारू नका.

कसं ते मुलीने सांगितलं. तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण लॅपटॉपमधलं सगळं कळतं. ती म्हणाली, "आई, लॅपटॉपमध्ये पेटी असते. पियानो, सारंगी, सगळं असतं. तू फक्त पट्ट्या दाबायच्या. भाता नाहीच." त्या पट्ट्यांसाठी वेगळा कीबोर्ड घ्यावा लागतो, त्याला कंट्रोलर म्हणतात, आणि त्याला स्वतःचा आवाज नसतो, हेही तिनेच सांगितलं. मग तिने लगेच एक नाव सुचवलं. छोटा, हलका, पिशवीत मावणारा. "तुला गावाला न्यायचाय ना, मग हाच घे."

माझा स्वभाव असा, की कुणी 'हाच घे' म्हटलं की मला दुसरा हवा असतो. पण इथं नुसता स्वभाव नव्हता. आयुष्यभर पेटी वाजवल्यावर मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पेटीच्या पट्टीला काही कळत नाही. तुम्ही ती हळू दाबा की जोरात दाबा, सूर तेवढाच येतो. सूर लहानमोठा करायचा तो डाव्या हाताने, भात्याने. आता डावा हातच गेला, तर लहानमोठं करणार कोण? बोटांनीच करायला हवं. आणि बोटांनी करायचं तर पट्टीला बोटाचं काहीतरी कळायला हवं. हे मी नवऱ्याला समजावून सांगितलं. त्याने पेपर खाली न ठेवता "बरोबर आहे" म्हटलं, म्हणजे त्याला गाडी काढायची तयारी ठेवायला हरकत नव्हती.

एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीत एक वाद्यांचं दुकान आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या पेट्या मी तिथूनच घ्यायला लावते, त्यामुळे दुकानदार मला बघून नेहमी खुर्ची पुढे करतो आणि जरासा घाबरतोही. त्याने तीनचार कंट्रोलर काढून काउंटरवर मांडले. मी पहिल्यावर सा लावला. काही नाही. नुसतं टक.

"बंद आहे का हो हा?"

"मॅडम, याला आवाज नसतो. लॅपटॉपला जोडावा लागतो."

हे मला ठाऊक होतं, तरी हात लावल्यावर गप्प बसलेलं वाद्य बघून मला कसनुसं झालं. मी म्हटलं, "जोडू नका अजून. आधी असंच बघते." आणि डोळे मिटून एकेकावर बोटं फिरवली. पहिला मुलीने सुचवलेला. त्याच्या पट्ट्या टीव्हीच्या रिमोटच्या बटणांसारख्या लागल्या, आत गेल्या की आपटून परत वर. दुसरा त्याचा मोठा भाऊ. तिसऱ्यापाशी मात्र माझं बोट थबकलं. पट्टी खाली जाताना जराशी अडली, मग आतलं काहीतरी उचललं गेलं आणि सावकाश बसलं. आवाज आला तोही टक नाही, पाटावर बोट टेकवल्यासारखा ठप.

"हा वेटेड आहे," दुकानदार म्हणाला. "म्हणजे पट्टीला आतून वजन दिलंय. प्रत्येक पट्टीच्या मागे छोटी हातोडी असते, पियानोत असते तशी. खालच्या सुरांना जास्त जड, वर जाल तसं हलकं. पण मॅडम, भजनाला याची गरज नाही. पेटीवाले सगळे हलक्या पट्ट्याच नेतात. बोटं दुखतील."

"दुखू देत. जोडा आता."

त्याने लॅपटॉप जोडला, पियानोचा आवाज लावला. माझी परीक्षा मी घरूनच ठरवून आले होते. मुलगी तान्ही असताना तिला झोपवून मी रियाज करायची. भाता इतका हळू, की सूर लागतोय पण पाळण्यातलं पोर हलत नाही. तसा सा मला बोटांनी काढून दाखवायचा होता. हलक्या पट्ट्यांवर तो निघेना. हळू दाबलं तर आवाजच नाही, किंचित जास्त दाबलं की एकदम ओरडायचं. मधलं काही नाहीच. वजनदार पट्टीवर मी बोट ठेवलं आणि नुसतं वजन सोडलं. सा आला. तान्हं पोर हललं नसतं. मी आणखी हळू केलं, तरी आला.

दुकानदार माझ्या डाव्या हाताकडे बघत होता. मी खाली पाहिलं. हात काउंटरच्या कडेशी हवेतच भाता घालत होता, आणि खांद्यातून कळ येत होती ती मला तेव्हा कळली. मी तो हात मांडीखाली दाबून बसले.

"हाच," मी म्हटलं.

नवरा म्हणाला, "अगं, अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आहेत. भजनाला एवढ्या कशाला? आणि उचलणार कोण? तुझा एक खांदा गेलाय, आता माझा जाईल."

"मग घरात दोन दुखरे खांदे. एकमेकांना शेकू."

त्याने खोकं उचलायला दुकानातल्या माणसाला हाक मारली. पैसे देताना दुकानदाराने आणखी एक खोकं पुढे केलं. आत काळं, पसरट पेडल होतं. "हेही न्या. दाबलं की पेटीचा आवाज भरतो, सोडलं की ओसरतो. भात्याचंच काम."

"दाबायचं कशाने?"

"पायाने."

मी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने खोकं आपण होऊन मागे घेतलं. आमच्याकडे पेटीला चुकून पाय लागला तर लगेच वाकून हात लावतात आणि तो कपाळाला टेकवतात. माझ्या क्लासला येणारी पोरं सुरांच्या आधी हे शिकतात. अन् मी देवळात बसून पायाने वाद्य वाजवू? शिवाय मांडी घालून बसलेल्या बाईचा पाय पोचणार कुठे? "ठेवा ते तुमच्याकडे," मी म्हटलं आणि ऐटीत बाहेर पडले.

नवरात्र आणि दिवाळी मी त्या वजनदार पट्ट्यांवर काढली. बोटं दुखली हे खरंय. आयुष्यभर पट्टीला नुसता स्पर्श करून सुटायची सवय, आता प्रत्येक सुराला विचारावं लागत होतं, तुला किती हवंय? सुरुवातीला सगळे सूर सारखेच यायचे, शाळेच्या कवायतीसारखे. हळूहळू बोटांना अक्कल आली. आणि एक गंमत झाली. डाव्या हाताला काम उरलं नव्हतं, तर मी त्यालाही पट्ट्यांवर ठेवलं. समोर ठेवायला डॉक्टरांची परवानगी होतीच. इतकी वर्षं ज्या हाताने नुसता वारा घातला, त्याला पहिल्यांदा सूर मिळाले. त्या संध्याकाळी मला इतका आनंद झाला, की मी नवऱ्याला आपण होऊन भजी करून घातली.

तेव्हा समाप्तीच्या आदल्या आठवड्यात मी सायखेड्याला निघाले ती जिंकल्यासारखीच. ओसरीवर दोन चौरंग जोडून त्यावर ते धूड ठेवलं. सुनेने वायर शोधून दिली. आक्का हात पुसत आल्या, आधी सगळीकडून वाद्य बघून घेतलं, मग म्हणाल्या, "हे तर दाराच्या चौकटीएवढं हाय." आणि बसल्या.

मी पियानोचा आवाज लावला. इतके दिवस त्यावरच हात बसवला होता. काळी तीन धरली आणि गवळणीचा मुखडा वाजवला. आक्कांनी डोळे मिटले, तोंड उघडलं, पहिली ओळ घेतली आणि थांबल्या.

"हे टपटप गळतंय गं. सूर येतो अन् लगेच मरतो. मी धरू कशाला?"

पियानोचा सूर विरतोच. त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, थांबा, आणि पेटीचा आवाज लावला. आता सूर अखंड होता, आणि हुबेहूब पेटीचाच. सून म्हणाली, "अय्या, डिट्टो!" आक्कांनी पुन्हा सुरुवात केली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीला त्यांचा श्वास तुटला. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथंच तुटला. मी हळू वाजवलं, सावकाश वाजवलं, बोटांची सगळी करामत केली, पण त्या लॅपटॉपमधल्या पेटीलाही माझ्या बोटांचं काही कळत नव्हतं. तिचा सूर ताणलेल्या दोरीसारखा, सुरू झाला की तसाच.

आक्कांनी लॅपटॉपच्या मागे डोकावून पाहिलं. मग म्हणाल्या, "वारा कुढंय?"

"कसला वारा?"

"तू भाता वढायची ना, त्याचा आवाज यायचा, हूं करून. तो आला की माही छाती आपोआप भरायची. इथं वाराच नाय. मी दम कवा घेऊ?"

इतकी वर्षं मला वाटत होतं, आक्का माझ्या सुरांवर गातात. मी त्यांच्यासाठी जागा शोधत होते, हरकती सजवत होते, आणि या बाई तिकडे लक्षच देत नव्हत्या. त्या माझ्या भात्यावर श्वास घेत होत्या. मला राग आला, खरंच आला. मी म्हटलं, "आक्का, एवढं मोठं वाद्य आणलंय, खांदा दुखत असताना शिकलेय, तुम्ही जरा जमवून घ्या ना!"

"मी कुढं म्हणते नाय जमवणार?" त्या उठल्या. "पण गळा माह्या हातात थोडाच हाय, धाकटे." आणि त्या गोठ्याकडे गेल्या. त्यांची पाठ बघून माझा राग गेला आणि त्या जागी नुसती भीती राहिली. ही बाई आता खरंच गप्प होणार, आणि माझ्या डोळ्यांदेखत होणार.

परतताना फाटा आला. मग नवरा समोर बघत म्हणाला, "तो दुकानदार ते पेडल म्हणत होता ना, आवाज भरतो आणि ओसरतो."

"पाय लावायचा त्याला."

"हो, ते आहेच," तो म्हणाला आणि गिअर बदलला. या माणसाला कुठे थांबायचं ते नेमकं कळतं, त्यामुळे त्याच्याशी नीट भांडताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते पेडल घेऊन आले. दुकानदाराने काही न बोलता खोकं दिलं, हे त्याचं शहाणपण. मुलीने व्हिडिओ कॉल करून लॅपटॉपमध्ये सगळं जुळवून दिलं. मी एक अट घातली. पेटी भात्यावर चालू दे, म्हणजे पेडलवर, पण तिच्याखाली बारीक पियानोही राहू दे, त्याला पेडल लागू नको, तो फक्त माझ्या बोटांवर. मुलगी म्हणाली, "आई, कुणाला ऐकूही येणार नाही तो." मी म्हटलं, "असू दे. इतकं वजन घेतलंय ते काय शोभेला?" तिने तसं केलं. मग मी खुर्चीवर बसले, आधी पेडलला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि पाय ठेवला. जमेना. सूर आधी यायचा आणि वारा मागून. पायाला गाण्यातलं काही शिकवलंच नव्हतं कधी.

तरीही समाप्तीच्या आदल्या दुपारी सगळं गाडीत टाकून आम्ही पुन्हा सायखेड्याला गेलो. माझ्याकडे दुसरा इलाज नव्हता. ओसरीवर मी वायरी जोडत होते आणि आक्का शेंगा फोडत बाजूला बसल्या होत्या. पेडल जमिनीवर पडलं होतं.

"हे काय, शिलाई मशीनचं पायडल?"

"वाऱ्याचं आहे. भात्याच्या जागी. पण पायाने दाबावं लागतं आणि मला ते साधत नाही."

"देवळातल्या वाद्याला पाय लावती का काय?" असं म्हणत त्यांनी ते ओढून जवळ घेतलं आणि तळव्याने दाबून पाहिलं. तेव्हा माझी बोटं काळी तीनवर होती. पेटी भरली. आक्कांनी दचकून हात उचलला. पेटी ओसरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शेंगांची टोपली लांब सारली आणि पुन्हा दाबलं. भाकरी थापायचा तो तळवा, सावकाश खाली, सावकाश वर.

"सोडू नको, धाकटे. धरून ठेव."

मी धरून ठेवलं. त्या दोनतीनदा नुसता वारा घालत राहिल्या. मग त्यांची छाती भरली, मला दिसली भरताना, आणि गवळणीचा मुखडा आला. तिसरी ओळ आली आणि गेली. श्वास जिथं हवा तिथं त्यांचा हात आपोआप वर यायचा आणि पेटीही त्यांच्याबरोबर श्वास घ्यायची. त्यांना कुणाच्या मागे पळायचं नव्हतं आणि कुणासाठी थांबायचंही नव्हतं. सून दारात पिठाचे हात घेऊन उभी होती. मला काही दिसेना, डोळे भरून आले होते, पण बोटांना दिसायची गरज नव्हती.

"पाय कशाला लावायचा," कडवं संपल्यावर आक्का म्हणाल्या, "हात हाय ना माह्यापाशी."

समाप्तीच्या पहाटे चांगलीच थंडी होती. नदीकडून धुकं देवळाच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं. मंडळातल्या बायका शाली गुंडाळून टाळ घेऊन बसल्या होत्या. आमचं धूड बघून पुढची म्हातारी शेजारणीला म्हणाली, "शहरातून कपाट आणलं का काय?" मी मनात म्हटलं, वाजू दे, मग बघ. आक्का माझ्या डाव्या हाताला बसल्या. समोर पाट, पाटावर पेडल, पेडलवर हळदीकुंकू. ते सुनेने वाहिलं होतं.

गवळण सुरू झाली तेव्हा टाळकरी बायका जरा बिचकल्या, मग सावरल्या. पहिलं कडवं आक्कांनी जपून म्हटलं, अर्धं लक्ष हातात, अर्धं गळ्यात. दुसऱ्याला हात विसरला आणि गळा मोकळा झाला. मी दोन्ही हातांनी मागे मागे जात होते. शेवटचं कडवं त्या नेहमी थांबवून, टाळ बंद ठेवून म्हणतात. त्या कडव्याला त्यांनी डोळे मिटले, आणि वरचा सूर घ्यायला हात उचलला तो हवेतच राहिला. पेडलवरून उठून समोर, देवाकडे. पेटी ओसरली आणि बंद झाली.

देवळात आक्कांचा एकटा गळा उरला. टाळकरी बायकांनी माझ्याकडे पाहिलं. पण खाली माझी बोटं होती आणि बोटांखाली तो पियानो होता, जो कुणाला ऐकू येणार नव्हता. मी वजन सोडलं, पाळण्यातलं पोर हलणार नाही एवढंच. सा, मग पंचम, मग पुन्हा सा. आक्का वरच्या सुरावर उभ्या होत्या आणि खाली त्यांना टेकायला तेवढंच पुरत होतं. त्या सावकाश खाली उतरल्या, जिथं श्वास हवा तिथं घेतला, भात्याशिवाय, माझ्याशिवाय, आणि समेवर आल्या. मग टाळ वाजले. पुढची म्हातारी पदराने डोळे टिपत होती. कपाटाबद्दल ती पुन्हा काही बोलली नाही.

हात पेडलवर ठेवता ठेवता आक्का माझ्या कानाशी कुजबुजल्या, "अगं बाई, वारा घालायचा राह्यलाच की गं!"

"राहू द्या," मी म्हटलं.

घरी आल्यावर नवऱ्याने आणि पुतण्याने मिळून ते धूड ओसरीवरच्या चौरंगावर ठेवलं. लॅपटॉप पिशवीतच होता. मी थकून पट्ट्यांसमोर बसले, चहाची वाट बघत. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि थोड्या वेळाने त्यावर गुणगुणणं सुरू झालं. पहाटेचीच गवळण, काळी तीन. सून चहाचा कप घेऊन आली आणि माझ्यासमोर नुसतीच उभी राहिली, हसत. मी कप खाली ठेवायला सांगितला. पट्ट्यांवर हात ठेवले आणि आक्कांच्या मागे मागे मुक्यानेच वाजवू लागले. सूर एकही नव्हता, फक्त आतल्या हातोड्या उचलल्या जात होत्या आणि बसत होत्या. ठप, ठप.

आतलं गुणगुणणं थांबलं.

"धाकटे," आक्का स्वयंपाकघरातून ओरडल्या, "घाई करू नको. मी अजून समेवर नाय आले."